टेकू जिन्यापाशी अडला आहे

तीर्थस्वरूप भावोजींना,

धाकट्या मेहुण्याचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (खरं म्हणजे सध्या एकच हात, दुसऱ्यात पेन आहे. पत्र संपलं की राहिलेला जोडीन. आपल्यात खोटं लिहायचं नाही, ही शिस्त तुमचीच.) तुमची प्रकृती उत्तम असेल, भूक नीट लागत असेल आणि ताईशी दिवसातून एकदाच भांडण होत असेल, असं धरून चालतो. काहीही धरून चालण्याला तुमची हरकत असते हे मला ठाऊक आहे. पण खुशालीच्या प्रत्येक ओळीला पुरावा जोडायचा म्हटलं तर माणसं एकमेकांना पत्रं लिहिणंच सोडून देतील. इकडे आम्ही सगळे ठीक. बायको ठीक आहे, माझी एक दाढ ठीक नाही. तिची हकीकत ओघात येईलच.

सर्वांत आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, म्हणजे तुमच्या मनात नसता संशय नको. हे पत्र तुमच्या खुब्याबद्दल नाही. ताईने मला काहीही सांगितलेलं नाही. नवा सांधा बसवून डॉक्टरांनी तुम्हाला घरी सोडताना "चाला, फिरा, जिने चढा, उतरा" असं बजावलं होतं, आणि तुम्ही तेव्हापासून घराचा उंबरा ओलांडलेला नाही, हे मला माहीत नाही. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंना तुम्ही तरफेचे नियम शिकवायला बसलात आणि तिसऱ्या भेटीनंतर त्या फिरकल्या नाहीत, हेही माझ्या कानावर आलेलं नाही. माणूस जिना उतरतो तेव्हा खुब्यावर अंगाच्या वजनाच्या कितीतरी पट भार येतो, याचा आलेख काढून तुम्ही तो फ्रिजच्या दारावर चिकटवला आहे आणि ताई "जरा खाली बागेत जाऊ" म्हणाली की त्याकडे नुसतं बोट दाखवता, हे तर मला मुळीच ठाऊक नाही. मी लिहितोय ते निव्वळ धंद्याच्या कामासाठी. आपलं "शक्य चित्रकथा" पुन्हा सुरू होतंय. पहिला अंक छपाईच्या तोंडाशी येऊन अडला आहे, आणि तो तुमच्यावाचून सुटत नाही. एवढंच.

आता एवढं कळल्यावर तुम्ही पत्र खाली ठेवाल, म्हणून सुरुवातीपासून सांगतो. (नव्या मालकीणबाईंना अंकाच्या मागच्या पानावर प्रकाशनाचा इतिहास हवाय. त्याची रंगीत तालीम तुमच्यावर होऊन जाईल. लाल पेन्सिल जवळ घ्या, आवरणार नाहीच तुम्हाला.) त्या काळी बाजारात जे महावीर मिळत ते सगळे उडायचे. डोंगर उचलायचे, सूर्याला धक्का मारायचे, आणि हे सगळं अंगाला घट्ट बसणाऱ्या कपड्यांत, ज्यांना एक खिसा नसे. बसची तिकिटं आणि पावतीपुस्तकं छापणाऱ्या आमच्या मूळ मालकांचं एक यंत्र दुपारचं रिकामं असायचं. त्यांनी मला आणि दाढीला सांगितलं, आपणही एक उडता माणूस काढू. (दाढी म्हणजे आमचा चित्रकार. आता त्याने ती काढून टाकली आहे, पण नाव कुठे काढता येतं? त्याची सूनही त्याला दाढी म्हणते.) आम्ही "महापोलाद" तयार केला. पहिल्याच अंकात तो प्रवाशांनी भरलेली बस उचलून खलनायकाला फेकून मारत होता. मी ती पानं मोठ्या ऐटीत तुमच्या घरी घेऊन आलो. तेव्हा तुमचं ताईशी नुकतंच लग्न झालं होतं आणि माझ्यावर छाप पाडण्याची पाळी तुमची होती, असा माझा भाबडा समज होता.

तुम्ही पूल बांधणाऱ्या खात्यातले इंजिनिअर. पानं हातात घेतलीत, जेवण थांबवलंत आणि विचारलंत, हा उभा कशावर आहे? मी म्हटलं, रस्त्यावर. मग तुम्ही हिशेबाला बसलात. एवढी बस दोन तळपायांवर आली तर माणूस खुंटीसारखा डांबरात जाईल. त्याने जिथे धरलंय तिथून बसचा पत्रा फाटेल, बस हातात राहायची नाही, फक्त तिचा तुकडा राहील. आणि बस फेकल्यावर आतल्या माणसांच्या मानांचं काय होतं? आम्हा दोघांपैकी एकालाही बसमध्ये माणसं आहेत हे आठवलं नव्हतं. दाढीने ती सगळी हसरी काढली होती. ताईने दोनदा भात गरम केला. शेवटी तुम्ही पानं परत देताना म्हणालात, उचलायचं नाव काढू नका, टेकू देणं जमेल. पडणारी गोष्ट आतले लोक बाहेर येईपर्यंत धरून ठेवता येते. अंगात जोर असलेला माणूस तेवढं करू शकतो.

झालं. महापोलाद त्याच रात्री गेला आणि "टेकू" जन्माला आला. पाणीपुरवठा खात्यातला फिटर, अंगात चार पैलवानांचं बळ, खिसेवाली पँट. तो काहीही उचलत नाही, फेकत नाही. खचणारी गॅलरी, कलंडणारं फाटक, सुटलेली हातगाडी यांच्याखाली खांदा देऊन तो उभा राहतो, आणि माणसं बाहेर पडली की बाजूला होतो. मालकांना ही कल्पना फार फुळकवणी वाटली. पण यंत्र रिकामंच होतं.

आपली काम करायची पद्धत मालकीणबाईंना सांगितली तेव्हा त्यांना वाटलं मी थट्टा करतोय. प्रत्येक पान आधी तुमच्याकडे यायचं. तुम्ही भार काढायचात, कुठला खांब, कुठली तुळई, किती वेळ, आणि मग परवानगी. दाढीची तऱ्हा त्याहून न्यारी. त्याला पाहिल्याशिवाय काढताच येत नाही. कल्पनेने त्याने आयुष्यात एक मांजर काढलं होतं, त्याला लोक अजून बकरी म्हणतात. त्यामुळे टेकू जे करणार ते आधी कुणीतरी करून दाखवायचं, आणि ते कुणीतरी म्हणजे मी. आठवतं ना, दुकानाचं लोखंडी शटर खांद्यावर पेलताना माणसाचा गुडघा कुठे वाकतो, हे बघायला सुट्टीच्या दिवशी तुम्ही मला एका बंद दुकानाच्या अर्ध्या उघडलेल्या शटरखाली उभं केलंत? तुम्ही न्हाणीघरातला वजनकाटा आणून माझ्या पायाखाली सरकवलात, दाढी फुटपाथवर मांडी घालून बसला, आणि दुकानाचा मालक आला. आता तुम्ही त्याच्या जागी उभे राहून पाहा. आपल्या शटरखाली एक घामाघूम माणूस, त्याच्या पायाखाली काटा, एक जण चित्र काढतोय आणि एक सभ्य गृहस्थ आकडे टिपून घेतायत. त्याने पोलिसांना नाही बोलावलं, डॉक्टरांना बोलावलं. तुम्ही डॉक्टरांनाही काट्यावर उभं केलंत.

आणि असला हा महावीर चालला, भावोजी! नुसता चालला नाही, धावला. का चालला याचं कारण मला आजही छातीठोक सांगता येत नाही. माझ्या मते रजेच्या अंकापासून लोकांनी त्याला जवळ केलं. गॅलरी खचतेय, वर बायकापोरं ओरडतायत, आणि टेकू साहेबांच्या टेबलासमोर अर्ध्या दिवसाच्या रजेसाठी उभा आहे. साहेब विचारतात, काम खासगी की सार्वजनिक? अख्ख्या अंकात तेवढंच घडतं. कचेऱ्यांमधून तो अंक हातोहात फिरला. मग त्याची पाठ धरली. तुमचा नियम असा की गोष्टीतला महिना आणि कॅलेंडरचा महिना एकच. डॉक्टरांनी तीन महिने सांगितले तर टेकू तीन अंक पाठीवर. पहिल्या अंकात छत, दुसऱ्यात तेच छत, तिसऱ्यात छताला एक पाल. मालक डोकं धरून बसले. पण वाचकांची पत्रं पोत्याने आली. कुणी तेल सुचवलं, कुणी लाकडी फळीवर झोपायला सांगितलं, एका परिचारिकेने कूस कशी बदलावी याची आकृती काढून पाठवली. उडणाऱ्या माणसांना असली पत्रं कधी आली असतील? ज्याला काहीच होत नाही त्याची चौकशी कोण करणार?

पुढे आपलं जरा अती झालं, हेही इतिहासात यायला हवं. "भेसळ" या बांधकाम ठेकेदाराला आपण खलनायक केलं ते उत्तमच. (सिमेंटमध्ये तो काय काय मिसळतो हे सांगताना तुमचा चेहरा असा काही खुलायचा की ताईला काळजी वाटायची.) टेकूने त्याला पकडून दिलं. दुसऱ्या कुणाच्या चित्रकथेत तो तिथेच संपला असता. आपल्याकडे त्याच्यावर खटला सुरू झाला. आणि कॅलेंडरचा नियम! एका अंकात न्यायाधीश रजेवर, पुढच्या अंकात भेसळचे वकील आजारी, त्याच्या पुढच्यात कागदपत्रं दुसऱ्या इमारतीत. टेकू बाकावर बसून राहतो, जांभई देतो, पुढची तारीख घेऊन घरी जातो. मला ते सगळं फार खोल वाटायचं. वाचकांनाही वाटत असावं, कारण ते त्या खोलीत शिरेनासेच झाले.

अशात मूळ मालक थकले आणि त्यांचा जावई खुर्चीवर बसला. माणूस वाईट नव्हता. त्याला फक्त खप हवा होता. त्याने सांगितलं, टेकू उडाला पाहिजे. एकच चौकट, पण उडाला पाहिजे. दाढी दोन दिवस काम सोडून बसला, शेवटी मला स्टुलावर पोटावर आडवं घालून त्याने ते चित्र काढलं. पान रीतीप्रमाणे तुमच्याकडे आलं. तुम्ही काही रागावला नाहीत, आकडेमोड केली नाहीत. समासात लाल पेन्सिलीने एकच शब्द लिहिलात: "कशाने?" जावयाने पान तसंच छापलं, फक्त तुमचा शब्द खोडून. आणि मग जे झालं त्याचा मला अजून अभिमान वाटतो. पुढच्या आठवड्यात पोती पुन्हा भरून आली आणि प्रत्येक पत्रात, कुणी निळ्या शाईत, कुणी पेन्सिलीत, एका आजोबांनी टंकलेखन करून, तोच प्रश्न विचारला होता. वाचक आपणच घडवलेले, त्यांना आता कोण गप्प करणार? प्रकाशन त्यातच बंद पडलं. जावयाने फरश्यांचं दुकान टाकलं. ते छान चाललं, कारण फरश्या उडत नाहीत.

मधली वर्षं सोडून देतो. (मी शाळेची पाठ्यपुस्तकं तपासली, दाढीने दुकानांच्या पाट्या रंगवल्या, तुम्ही पूल बांधले. तिघांत लोक आजही वापरतात असं काम तुमचंच.) गेल्या वर्षी त्या जावयाची मुलगी, म्हणजे आताच्या आमच्या मालकीणबाई, माझ्या दारात येऊन उभी राहिली. फरश्यांच्या गोदामात तिला आपले जुने गठ्ठे सापडले होते आणि तिने ते बसून सगळे वाचले होते, खटल्यासकट! मी तिला पाणी दिलं. ती म्हणाली, मला हे पुन्हा काढायचंय. मी म्हटलं, बाई, आता तरी त्याला थोडं उडवू. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला तुमची आठवण झाली. मग तिने विचारलं, टेकू आता किती वर्षांचा?

मला हा प्रश्न कधी पडलाच नव्हता. माझ्या डोक्यात तो फाटकाला खांदा देऊन तस्साच उभा होता. पण कॅलेंडरचा नियम म्हणजे नियम. आम्ही अंक काढले नाहीत म्हणून त्याचे महिने थांबत नाहीत. टेकू निवृत्त झाला असणार. केस गेले असणार, चष्मा लागला असणार. मालकीणबाईंनी सगळं काटेकोर मांडलं आणि म्हणाल्या, या वयात माणसाला काय होतं? दाढीने खाली मान घालून सांगितलं, खुबा मोडतो. कुणाला वाचवताना? छे, न्हाणीघरात, ओल्या फरशीवर. भावोजी, हा निव्वळ योगायोग आहे. न्हाणीघर काय तुमच्या एकट्याचं आहे?

तर नव्या पहिल्या अंकाची गोष्ट अशी. टेकूला नवा सांधा बसवलाय. शस्त्रक्रिया झकास झालीय. पण तो घरातच बसतो. कुणी विचारलं तर कारणं देतो, आणि कारणं चांगली असतात, कारण माणूस हुशार आहे. एके दिवशी दुसऱ्या मजल्यावर दारावरची तुळई खचून एका म्हातारीचं दार अडकतं. आत ती एकटीच आहे. खांदा द्यायला टेकू पाहिजे. तो जिन्यापाशी येतो, कठड्यावर हात ठेवतो आणि थांबतो. इथे आमचं पान संपलं. पुढचं पान कोरं आहे, कारण आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नाही की तो चढू शकतो का.

आम्ही प्रयत्न केला नाही असं समजू नका. आमची कचेरी एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आहे, पहिल्यावर दाताचे डॉक्टर. दाढीने माझ्या मांडीला एक पट्टी बांधली म्हणजे पाय खुब्यातून वाकायला नको, हातात काठी दिली आणि मला खालून चढायला लावलं. तो वहीत काढत मागून, मालकीणबाई पुढून. पहिल्या मजल्यापर्यंत मी गेलो, माझी छाती भात्यासारखी चालू झाली, तोंड उघडं पडलं, आणि नेमके डॉक्टरांचे पेशंट दारात उभे होते. एका धिप्पाड गृहस्थाने "अहो, धरा त्यांना!" म्हणत मला काखेत हात घालून उचललं. (वाटेत मला असं वाटलं की तो माणूस टेकू म्हणून मला जास्त शोभला असता.) मी सांगायचा प्रयत्न केला की मी आजारी नाही, मी चित्रकथा आहे. त्यावर त्यांनी मला आणखी घट्ट धरलं. खुर्चीत बसवलं, दिवा लावला, डॉक्टर आले, तोंड उघडंच होतं, म्हणून त्यांनी सवयीने आत पाहिलं. एक दाढ पार गेली आहे. दाढीने तेवढ्यात खुर्चीची तीन सुरेख चित्रं काढली. आणि हे सगळं झाल्यावर मालकीणबाई मला काय म्हणाल्या? तुमचा खुबा बरा आहे, त्यामुळे हे धरता येणार नाही.

म्हणून पान तुमच्याकडे पाठवायचं ठरलं. त्याआधी तुम्हाला एक गोष्ट सांगायला हवी, ती घरात सगळ्यांना माहीत आहे, एक तुम्ही सोडून. दाढीला पाहिल्याशिवाय काढता येत नाही. मग टेकू त्याने कुणाला पाहून काढला? गुडघे माझे आहेत, घाम माझा आहे. पण तो खांदा, पडत्या वस्तूखाली उभं राहून समोरच्याकडे जरा वैतागून बघायची ती तऱ्हा, ती तुमची आहे. तुम्ही पानं घेऊन दाराच्या चौकटीला खांदा लावून उभे राहायचात आणि आम्हाला झापायचात, तिथून त्याने ती घेतली. ताईने पहिल्याच अंकात ओळखलं होतं. तिने तो अंक उशाशी ठेवला. आमचे वडील लवकर गेले, भावोजी. आमच्या घरावर जे जे काय खचलं त्याखाली तुम्ही न बोलता उभे राहिलात आणि आम्ही बाहेर पडल्यावर बाजूला झालात. मी ते कधी तोंडाने बोललो नाही, म्हणून इतकी वर्षं त्याची चित्रकथा लिहिली. आता तो जिन्यापाशी उभा आहे आणि मला त्याच्यासाठी भीती वाटते, एवढंच खरं कारण आहे. बाकी धंदा.

तेव्हा सोबतचं पान बघावं, भार काढावा आणि हो किंवा नाही एवढं कळवावं. ताईला नमस्कार, आणि तिने मला काही सांगितलेलं नाही हे तिलाही सांगावं.

तुमचा,
धाकटा मेहुणा
(एक हात मोकळा झाला, नमस्कार पूर्ण समजावा.)

ता.क. पान बघून घरबसल्या कळवावं असं वर लिहिलं खरं, पण मालकीणबाईंना ते पटलेलं नाही. त्या म्हणतात, कागदावरचा भार त्यांनाही काढता येतो, त्यांना माणूस हवा आहे. म्हणजे तुम्हीच कचेरीत यायचं, आमच्या जिन्याने चढायचं आणि दाढीने बाजूला उभं राहून काढायचं. इमारतीत लिफ्ट आहे. ती त्या दिवशी बंद असेल. लिफ्टवाल्याशी माझं बोलणं झालंय.

ता.क. दुसरा. हे लिहायचं राहिलं की टेकूने जिना चढलाच पाहिजे अशी आमची अट नाही. तुम्ही मधेच बसलात तर तो बसलेला छापू. अर्ध्यातून मागे फिरलात तर तो मागे फिरेल आणि म्हातारीसाठी अग्निशमनवाल्यांना फोन करेल, तेही चांगलंच काम आहे. जे होईल तेच छापायचं. फक्त तुम्ही चौकटीत यायला हवं. रिकामी चौकट दाढीला काढता येत नाही.

ता.क. तिसरा. हे पत्र ताईच्या हाती पाठवायचं म्हणून आम्ही तिघं तुमच्या इमारतीपाशी आलो, तिला खाली बोलावलं आणि तिने ते माझ्यासमोरच वाचून काढलं. निम्म्या वेळेला हसली, एके ठिकाणी चष्मा पुसला, आणि मग म्हणाली, अरे शहाण्या, तुमच्या कचेरीचा जिना चढायला ते येणार कसे? आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, तेही बिनलिफ्टच्या इमारतीत. आधी उतरायला नको का? आणि त्यांचा तो आलेख उतरण्याचाच आहे. भावोजी, चढण्यासाठी मी मांडीला पट्टी बांधली, दाढ घालवली, लिफ्टवाल्याला फितवलं, आणि तुमच्या घराला जिना आहे हे मला, मालकीणबाईंना, दाढीला, कुणालाही आठवलं नाही. वास्तव छापणारी माणसं आम्ही! तुम्ही नसलात की आमचं हे असं होतं.

दाढीने तिथल्या तिथे मार्ग काढला. टेकू वरच्या मजल्यावर राहतो असं दाखवू, म्हातारी खालच्या मजल्यावर, म्हणजे त्याला उतरायचंच आहे. चित्रकथेत एवढी फिरवाफिरव चालते. त्यामुळे कचेरी रद्द. हे मी एका स्कूटरच्या सीटवर कागद ठेवून लिहितोय आणि ती स्कूटर तुमच्या इमारतीच्या खाली उभी आहे. ताई हे पत्र घेऊन वर येतेय. दार ती उघडं ठेवेल. खिडकीतून डोकावू नका, मधे झाड आहे, आम्ही दिसत नाही. मालकीणबाईंनी घडीची खुर्ची आणलीय. दाढी तळमजल्याच्या पायरीवर वही उघडून बसलाय, आणि मी वर यायचं म्हणतोय तर तो येऊ देत नाही, म्हणतो, हात दिलास तर ते चित्र तुझं होईल, त्याचं नाही. तेव्हा मी इथेच आहे. सावकाश या. प्रत्येक पायरीवर थांबलात तरी चालेल, आम्हाला कुठे जायचं नाही. कठडा धरा, भावोजी, धरलेलाच काढू.